सूतभर जास्त

मिस्त्रींनी बायकोपासून आयुष्यात एकच गोष्ट लपवली होती, आणि मंगळवारी सकाळी साडेदहाला ती गोष्ट स्वतःच्या पायांनी चालत त्यांच्या दारात आली. पाठीला पिशवी, गळ्यात हेडफोन, वय असेल पंचवीस-सव्वीस.

"'ओव्हरटाइम' बँडमधले मिस्त्री तुम्हीच ना?" मुलीने विचारलं.

मिस्त्रींच्या हातात तेलाची कुपी होती. समोरच्या शिलाई मशीनवर एक थेंब सोडायचा तर चार सुटले. त्या बँडचं नाव गेल्या चौतीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. घरातसुद्धा नाही. घरात तर मुळीच नाही.

मुलीचा धंदा मोठा मजेशीर होता. विस्मरणात गेलेल्या जुन्या कॅसेटी धुंडाळायच्या, आणि त्यातलं भलं ते निवडून त्याच्या नव्या कोऱ्या रेकॉर्डी काढायच्या, त्या तव्याएवढ्या काळ्या. भंगारवाल्याकडच्या खोक्यात तिला 'मागचं दार' नावाची कॅसेट सापडली होती. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. "काका, असा हार्ड रॉक आपल्या भाषेत कुणी केलाच नाही. पहिलाच अल्बम, आणि काय राग आहे त्यात! आम्ही चारशे लोक इंटरनेटवर रोज त्यावर तावातावाने भांडतो."

"चारशे?" मिस्त्री म्हणाले. "अगं, कॅसेटीच तीनशे काढल्या होत्या. त्यातल्या शंभर माळ्यावर आहेत."

"आणि तो आवाज! तो गाणारा माणूस... आहे का हो अजून?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कापायच्या टेबलाशी मिस्त्रींची बायको कॅनव्हासच्या पिशवीला बंद लावत उभी होती. तोंडात सात-आठ टाचण्या. तिने त्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाली, "आहे की. मीच तो माणूस."

मुलगी हसली. मग तिच्या लक्षात आलं की दुसरं कुणी हसत नाहीये.

कॅसेटच्या कव्हरवर तीनच नावं होती. गाणं आणि गिटार: टाचणी. बेस: मिस्त्री. ड्रम: दादा. टाचणी हे एखाद्या काटकुळ्या पोराचं टोपणनाव असणार, असं त्या चारशे जणांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. वास्तविक कपड्यांच्या कारखान्यात कॉलर लावणाऱ्या एका मुलीचं ते नाव होतं. दिवसभर तोंडात टाचण्या असायच्या, आणि टाचण्या काढल्या की जीभ टाचणीहून टोकदार.

"पण बाई," मुलगी चाचरत म्हणाली, "तुमचा आवाज तर... म्हणजे बोलताना चांगला बारीक आहे, धारदार. कॅसेटमध्ये तर नुसता बुलडोझर चालल्यासारखा वाटतो."

"सर्दी!" मिस्त्री एवढ्या जोरात म्हणाले की दोघींनी वळून पाहिलं. "तेव्हा तिला सर्दी झाली होती. भयंकर."

"मला? कधी?" टाचणीबाई म्हणाल्या. "काहीही काय बोलतोस? माझा आवाज आहेच तसा. आपल्याला आपला आवाज आतून वेगळा ऐकू येतो, बाहेरून वेगळा. ते मला त्या कॅसेटने चांगलंच कळलं." आणि त्यांनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. विषय संपला.

मुलीचा संपला नव्हता. तिचे कान भलतेच तयार होते. "गिटारही कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी पडते. मूळची टेप असेल तर तपासता येईल. आहे का हो?"

टेप मिस्त्रींच्या डाव्या हाताला, दोन वितींवरच्या कपाटात होती. "शोधावी लागेल," मिस्त्री म्हणाले. "तू असं कर, गुरुवारी ये."

मुलगी गेली आणि मिस्त्री स्टुलावर बसले. गुरुवारी ती टेप नेणार, यंत्रावर चढवणार, आणि पाच मिनिटांत तिला कळणार. मग ती आनंदाने धावत येऊन ते टाचणीलाच सांगणार. म्हणजे त्याआधी आपण सांगायला हवं. हातात दोन दिवस. चौतीस वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते दोन दिवसांत काढायचं, म्हणजे बघा.

आता नेमकं काय घडलं होतं ते सांगायला हवं.

त्या कारखान्यात बायकांना एका पाळीत संडासाला जायला दोन टोकनं मिळायची. पितळी, भोक पाडलेली. तिसऱ्यांदा जायचं तर सुपरवायझरपुढे उभं राहून कारण सांगायचं. आणि मागच्या दाराला कायम कुलूप. का, तर कापड चोरीला जाईल. चारशे बायका आत, दारं दोन, त्यातलं एक बंद. असल्या गोष्टींवर टाचणीने नऊ गाणी केली. नगरपालिकेने एकाच पुलाचं तीनदा उद्घाटन केलं होतं, त्यावरही एक होतं. पण सगळ्यात खतरनाक होतं ते 'मागचं दार':

*आग लागली तर विचारू कुणाला?*
*किल्ली कुठाय, साहेब, किल्ली कुठाय?*

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बेकरीत पीठ मळायचा आणि ड्रम वाजवायचा. दोन्ही एकाच पद्धतीने. मिस्त्री कारखान्यात मशीनदुरुस्तीला होते. बंद पडलेल्या एका रेडिओच्या दुकानातून त्यांनी मोठी रिळाची टेप आणली होती, आणि बेकरीच्या पिठाच्या गोदामात रेकॉर्डिंग ठरलं होतं. पिठाची पोती आवाज छान पितात.

नेमकं त्याच दिवशी सकाळी टेपच्या मोटरवरच्या पुलीचे दोन तुकडे झाले. मिस्त्री गडबडले नाहीत. मधल्या सुट्टीत कारखान्याच्या लेथवर त्यांनी पितळेची नवी पुली कातली. फर्स्टक्लास! आणि हात बसलेला शिलाई मशीनचा. शिलाई मशीनचा पट्टा सुटतो, घसरतो, पुली झिजते. म्हणून पुली कातताना सूतभर जास्त धरायची, हे मिस्त्रींना त्यांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तसं त्यांनी धरलं. सूतभर जास्त. विचारसुद्धा केला नाही. हाताने आपोआपच केलं.

टेपची पुली बोटाच्या पेराएवढी. तिच्यात सूतभर म्हणजे केवढं! टेप दुडक्या चालीने धावली, आणि त्या धावत्या टेपवर नऊ गाणी भरली गेली. टाचणी दुसऱ्या पाळीला जायची होती. "आता नाही ऐकत बाई, लाज वाटते. कॅसेट झाली की एकदमच ऐकीन," म्हणून ती पळाली. दादा भट्टीकडे गेला. मिस्त्रींनी एकट्याने, त्याच यंत्रावर, सगळी गाणी ऐकली आणि तिथेच पोत्यावर बसल्या बसल्या ते तिच्या प्रेमात पडले. काय तो आवाज! पत्र्यावर सळई ओढावी तसा, आणि तरी गोड.

मग कॅसेटी भरून देणाऱ्याने ती टेप आपल्या यंत्रावर लावली. त्याची पुली बिचारी बरोबर मापाची. झालं! धावत भरलेलं सगळं चालत बाहेर आलं. गिटार जड, ड्रम जड, आणि टाचणीच्या गळ्यातून एक दाढीवाला रागावलेला पुरुष गातोय.

दादा खूश. "वजन बघ, वजन!" म्हणून त्याने टेबल बडवलं. टाचणीने पहिलं गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि हळूच विचारलं, "असा आहे होय माझा आवाज?"

तेव्हाच सांगायचं होतं. पण मिस्त्रींनाच काही कळेना. त्यांना वाटलं, कॅसेटवाल्याने घोळ घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुली मापली, तर घोळ त्यांच्याच हातचा निघाला. सांगायला म्हणून ते कॉलरच्या लाइनकडे निघाले, तर कटिंग खात्यात वेगळाच तमाशा चालू होता. मॅनेजरच्या हाती कॅसेट लागली होती, कव्हर नसलेली. त्याने सगळ्या पुरुषांना रांगेत उभं करून प्रत्येकाला 'किल्ली कुठाय' म्हणायला लावलं. बत्तीस पुरुष, एकामागोमाग एक, कुणी किनऱ्या आवाजात, कुणी खोकत, खुद्द मॅनेजरला विचारतायत: किल्ली कुठाय, साहेब, किल्ली कुठाय? मिस्त्रींनीही विचारलं. वीस हातांवर टाचणी मान खाली घालून कॉलरी लावत होती, आणि हसू दाबून तिचे खांदे गदगदत होते. बाईकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणजे चुकीने तिची नोकरी वाचवली होती. आता कुठे लगेच सांगायचं, मिस्त्रींनी स्वतःला समजावलं. जरा निवळू दे. महिन्याभरात सगळ्या लाइनींवरच्या बायका ती ओळ गुणगुणायला लागल्या आणि दाराचं कुलूप निघालं. ती मजाच और होती. पण बाहेर कॅसेट कुणी घेतली नाही. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: विषय भडक, गायकाने घशाला विश्रांती द्यावी.

टाचणीने दिली. गिटार दादाकडे ठेवायला दिली ती दिलीच. वर्षभराने तिचं न् मिस्त्रींचं लग्न झालं. मिस्त्रींना रोज वाटायचं, आज सांगू. पण चूक जसजशी जुनी झाली तसतसं सांगणं अवघड झालं, कारण आता चुकीबरोबर इतके दिवस मूग गिळून का बसलास, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. आणि ते उत्तर भित्रेपणा याखेरीज काही नव्हतं.

मंगळवारी दुपारी मिस्त्री मेव्हण्याकडे गेले. दादा आता बेकरीचा मालक होता, डाव्या कानाने ठार बहिरा आणि उजव्याने सोयीपुरता. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. दादा पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिला.

"थांब," तो म्हणाला. "म्हणजे ते वजन... ते माझं नव्हतं?"

"नाही."

"मी तसा वाजवत नव्हतो?"

"तू बराच भरभर वाजवायचास, दादा. गाडी सुटतेय की काय, असा."

दादाचा चेहराच पडला. गेली चौतीस वर्षं तो हाताखालच्यांना सांगत आला होता की घाई करू नका, हळू पण जड हात ठेवा, मी ड्रम असाच वाजवायचो. "नको सांगूस," तो घाईघाईने म्हणाला. "कुणालाच नको सांगूस. ती टेप हरवली म्हण. उंदरांनी खाल्ली म्हण."

"आणि तिचं काय?"

दादाने पीठ दोनदा थापटलं. मग मान खाली घालून म्हणाला, "सांग बाबा. लहान असताना घर डोक्यावर घ्यायची गाऊन गाऊन. मीच ओरडायचो, गप्प बस म्हणून. नंतर खरंच गप्प बसली तर घर कसंसंच वाटायला लागलं."

मंगळवारी चहाच्या वेळी मिस्त्रींनी तोंड उघडलं, आणि साखर कमी आहे म्हणाले. बुधवारी सकाळी "ऐक ना, एक सांगायचं होतं" इथपर्यंत मजल गेली. मग पलीकडच्या गल्लीतलं मशीन दुरुस्त झाल्याचं सांगून मोकळे झाले. टाचणीबाईंनी कात्री खाली ठेवली. "काय झालंय तुला? डॉक्टरकडे जाऊन आलास का गुपचूप? काही निघालंय का?" त्यांचा चेहरा उतरला होता. तेव्हा मात्र मिस्त्रींना स्वतःची शरम वाटली.

बोलणं काही त्यांना जमणार नव्हतं. दुरुस्ती जमत होती. त्यांनी कपाटातून टेपयंत्र काढलं, टेबलावर ठेवलं, पट्टा नवा घातला. पितळी पुली अजून तिथेच होती. रीळ चढवलं. "बस इथे," ते म्हणाले. "बस, आणि मधे बोलू नकोस. नंतर काय बोलायचंय ते बोल."

आणि त्यांनी बटण दाबलं.

गिटार आली ती ठिणग्या उडवत. मागून दादा, गाडी सुटल्यासारखा. आणि मग एक मुलगी गायला लागली. तेवीस वर्षांची, कुणाच्या बापाला न भिणारी. *सकाळी एक, दुपारी एक, पोटाला सांगा घड्याळ बघ...* वरच्या सुरावर आवाज असा चढायचा की टेबलावरची कात्री थरथरायची.

"ही कोण?" टाचणीबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी सांगितलं. पुली, उस्ताद, सूतभर, सगळं. सांगताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. गाणी वाजत होती. तिसरं, चौथं. नववं गाणं संपलं, टेपचं शेपूट रिळावर फडफडायला लागलं, तेव्हा टाचणीबाई बोलल्या.

"हे तुला तेव्हाच कळलं होतं."

"दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी! आणि मी मूर्खासारखी... अरे, मी न्हाणीघरातसुद्धा गायले नाही रे! शेजारच्यांना वाटायला नको की आत रेडा शिरलाय!" त्या उठून उभ्या राहिल्या. "पोर झाली तेव्हा अंगाई कोण म्हणायचं? तू! ज्याला धड भोंग्याचा सूर लागत नाही तो माणूस! मी चाल बांधायची, तुला शिट्टी वाजवून शिकवायची, आणि तू तिचं वाटोळं करायचास. आणि मी दाराआड उभी. का, तर लेकरू माझ्या आवाजाला घाबरेल! घाबरेल म्हणून, मिस्त्री!"

त्या रडत होत्या आणि ओरडत होत्या. मिस्त्रीही रडत होते, पण आवाज न करता. आवाज करायचा हक्क आज आपला नाही एवढं त्यांना कळत होतं.

"चुकलो," ते म्हणाले. "मी घाबरलो. पहिल्या दिवशी तू चिडशील म्हणून, आणि नंतर तू जाशील म्हणून."

"जाईन कुठे? हे घर माझं आहे, तू जाशील!" टाचणीबाईंनी हाती लागेल त्या कापडाने नाक पुसलं. "तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे. यादी मोठी आहे. आठवडा लागेल." मग त्यांनी रिळाकडे पाहिलं. "लाव ते परत."

दोनदा ऐकून झालं. दुसऱ्यांदा त्यांचं पाऊल ठेका धरत होतं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दादा आला, घरात काय शिल्लक आहे ते बघायला, आणि दारातच स्वतःचे ड्रम ऐकून थबकला.

"हे रेकॉर्डवर असंच येणार?" त्याने कळवळून विचारलं. "माझं वजन?"

"असंच येणार," टाचणीबाई म्हणाल्या. "उद्या त्या पोरीला सांगणार आहे मी. खऱ्या चालीत काढ, आणि कव्हरवर माझा फोटो टाक. ज्याला जड हवं असेल त्याने रेकॉर्डवर बोट ठेवून हळू फिरवावी."

मग त्यांनी टेप बंद केली आणि फोन उचलला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, एकतीस वर्षांची, हाताखाली सहा माणसं. दुपारचे तीन वाजले होते.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबा आत्तापुरते आहेत. तू काय करतेयस?"

"अगं, मीटिंग चालू आहे."

"चालू दे. तू फक्त फोन कानाला धर. मी तुला झोपवतेय."

"काय?"

टाचणीबाईंनी खोकून घसा साफ केला. सुरुवात केली तर आवाज फाटला. चौतीस वर्षं न उघडलेला गळा तो. त्यांनी शिवी हासडली, फोनमध्येच, आणि परत घेतलं, जरा खालून. या वेळी लागला. तेवीस वर्षांच्या पोरीचा नव्हता, कडेने खरबरीत झाला होता, पण वर चढला तो तसाच, न भिता. अंगाई कसली, बैलाला झोप लागली नसती. मिस्त्रींचे ओठ सवयीने हलायला लागले, तशी टाचणीबाईंनी त्यांच्याकडे बोट रोखलं. मिस्त्री गप्प बसले.

गाणं संपलं. पलीकडून जिना उतरल्याचा आवाज, एक दार लागल्याचा आवाज.

"आई," लेकीचा आवाज ओला होता. "हिची चाल अशी आहे?"

"हो."

"मी माझ्या पिलूला बाबांची म्हणतेय गं गेलं वर्षभर."

"म्हणून ते पोर झोपत नाही," टाचणीबाई म्हणाल्या. "ऐक नीट. पहिल्यापासून म्हणते, तू मागून म्हण."